उत्तररंगात घेतलेलं नाव

शेळगीतल्या आमच्या राममंदिराच्या मागे एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे उत्सवाच्या सतरंज्या, कढया आणि पालखीचे दांडे पडलेले असायचे. आता तिथे शिवणकामाची सहा पावर मशीन आहेत. आजूबाजूचे यंत्रमाग एकेक करून थांबले, टॉवेलच्या कारखान्यातली माणसं घरी बसायला लागली, तेव्हा मंदिरातल्या मंडळींनीच हा वर्ग उभा केला. कुणी जुनं मशीन दिलं, कुणी वीज जोडून दिली, कुणी घरचा पंखा आणून टांगला. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ, हात तयार असेल त्याला काम मिळतं, एवढ्या भरवशावर दुपारी एक ते चार हा वर्ग चालतो. शिकणारे कोण, तर पंचविशीपासून पंचावन्नपर्यंतचे बापे आणि बाया.

मशीन शिकवायला शिवशरण मास्तर. मूळचे दुधनीचे, सगळा जन्म कापड कापण्यात गेलेला. आणि ज्यांना लिहावाचायचं असेल त्यांच्यासाठी मी. महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली, म्हणून सगळे मला बाईच म्हणतात. गोदावरी हे नाव आता पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलंय.

दुसरी गोष्ट सांगायची ती कीर्तनाची. मला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. चपला कुठे काढल्या ते विसरेन, पण कोणत्या बुवांनी कोणत्या साली कोणतं आख्यान लावलं ते विसरायची नाही. चैत्रात आमच्या मंदिरात पाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ दिवस कीर्तन असतं, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. बायकांच्या बाजूला बुक्का लावायचं ताट माझ्या हातात असतं. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढचं सगळं या वेडापायीच झालं, म्हणून सांगते.

तानाबाई वर्गात आली ती गेल्या वर्षी पौषात. बेचाळीस-त्रेचाळीस वय, उंच, ताठ मानेची. अठरा वर्षं टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तो कारखाना दिवाळीनंतर उघडलाच नाही. नवरा सयाजी पुण्याकडे वॉचमन, सणावाराला येणार. घरात बारावीतली लेक पायल आणि ती, दोघीच. आठ दिवस ती नुसती मशीनवर बसली. नवव्या दिवशी सगळे गेल्यावर मागे राहिली आणि उगाच सुतळीचा गुंता सोडवत बसली.

"काय गं तानाबाई, घरी नाही जायचं?"

"बाई, मशीन मला येतंय. मला दुसरं शिकायचं हाय. पण ते चारचौघांदेखत न्हाय."

मग कळलं. सगळी गल्ली समजत होती की तानाबाई सातवी शिकलीय. लग्न ठरताना तिच्या भावाने तसं सांगितलं होतं, आणि पंचवीस वर्षं ते तिने तसंच रेटलं. आकडे तिला बाजाराने शिकवलेले. अक्षर मात्र एक येत नव्हतं. पायल प्रगतिपुस्तक घेऊन आली की ही ते हातात धरून, आकड्यांवरून नजर फिरवून, दरडावून विचारायची, "ह्यात का गं कमी पडलं?" लेकीला आईचा धाक वाटायचा. पत्र आलं, नोटीस आली की म्हणायची, "चष्मा कुटं ठेवलाय कुणास ठाऊक, तूच वाच."

"चष्मा आहे का तुला?"

"कशाचा चष्मा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

मग ती गंभीर झाली. "बाई, ह्ये तुमच्यात आन माझ्यात. कुणाला सांगणार न्हाई ना?"

"मला कुणाला सांगायचंय."

"तसं न्हवं. देवाच्या दारात बसलोय. म्हणा की, सांगणार न्हाई म्हणून."

गाभारा त्या खोलीच्या भिंतीपलीकडेच आहे. मी तिकडे हात करून म्हटलं, "सांगणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून चार ते साडेचार, आम्ही दोघीच. मी माझ्या सवयीने कमळ काढलं, क-म-ळ लिहिलं. तिने पाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "शेळगीत कमळ कुटं बघायचं मी? मला शर्ट शिकवा. स्कर्ट शिकवा. कामाचं शिकवा."

"अगं, त्यात रफार येतो, जोडाक्षर येतं. ते दुसरीत."

"मी चाळिशी वलांडली, मला डायरेक दुसरीतच बसवा."

तेहतीस वर्षांत मी कुणाला असं उलटं शिकवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात शर्ट, स्कर्ट, पँट. दुसऱ्या आठवड्यात शाळांची नावं. अक्षर मोठ्याने म्हणायला तिला लाज वाटायची, म्हणून ती नुसते ओठ हलवायची. ओठ हलवत, बोट सरकवत, शब्दाच्या टोकाला पोचली की एकदम मान वर करायची. ती मान वर आली की मला कळायचं, लागला शब्द.

गल्लीच्या टोकाला संगमेश अण्णांचा गणवेशाचा कारखाना आहे. पन्नासेक माणसं. माणूस वाईट नाही, पण कामाला कडक. आदल्या वर्षी त्यांच्याकडून एका शाळेचे स्कर्ट दुसऱ्या शाळेत गेले होते, तेव्हापासून पॅकिंगवर वाचता येणारं माणूसच हवं, असा त्यांचा हट्ट. दहा-दहा नगांचा गठ्ठा बांधायचा, त्यावर शाळेची, इयत्तेची आणि साइझची चिठ्ठी लावायची, ती आतल्या मालाशी ताडून बघायची. महाशिवरात्र झाल्यावर ते मंदिरात भेटले.

"बाई, तुमच्या वर्गातली तानाबाई कामाला मागतीय. पॅकिंगचं जुनं माणूस आहे म्हणे, सातवी झालीय म्हणे. वाचता येतंय ना नीट?"

"येतं," मी म्हणाले.

खोटं बोलले नाही. तोवर तिला चिठ्ठी वाचता यायला लागली होती. हळू यायची, बोट लावून यायची, पण यायची. सातवीचं मात्र मी काही बोलले नाही.

ती कामाला लागली. महिनाभरात एक गठ्ठा चुकला नाही. उलट एकदा चिठ्ठी लिहिणाऱ्या पोराचीच चूक तिने धरली. दर रविवारी सकाळी ती माझ्याकडे यायची, आठवड्यात अडलेले शब्द सांगायची. ते ती उतरवून घेत नसे, चित्रासारखे ध्यानात ठेवून यायची आणि पाटीवर काढून दाखवायची. शाळांच्या सुट्टीनंतर कायम करतो, असं अण्णांनी तिला सांगितलं होतं. पायलला पुढे नर्सिंगला घालायचं, ते या कामावर अवलंबून होतं. ती हे रोज बोलत नसे. एकदाच बोलली, आणि मग पुन्हा तो विषय काढू दिला नाही.

मग चैत्र आला. त्या वर्षी कीर्तनाला रामहरीबुवा होते, बार्शीकडचे. गोड गळा, स्वच्छ वाणी आणि निर्मळ माणूस. हे मी आजही म्हणते. नऊ दिवस बुवांचं जेवण पाळीपाळीने घरोघरी असतं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे होतं. कडक भाकरी, शेंगाचटणी, आंब्याची डाळ, वर पन्हं. उन्हं उतरेपर्यंत बुवा ओसरीवर टेकले आणि चहा घेताना म्हणाले,

"बाई, इथलं काहीतरी सांगा. उत्तररंगात गावातलं थोडं पेरलं की लोकांना आख्यान आपलं वाटतं. कुणी पुण्यवान, कुणी भाविक, कुणी धडपडं."

ही रीत जुनीच आहे. बाहेरगावचे बुवा यजमानाला असं विचारतातच. दरवर्षी मी सांगते. कधी पूजाऱ्यांच्या आईचं, कधी पाणपोई चालवणाऱ्याचं. त्या दिवशी माझ्या तोंडातून तानाबाई निघाली.

का निघाली, याचा मी वर्षभर विचार केलाय. तिचं कौतुक होतं, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. मला माझंही कौतुक होतं. बेचाळिसाव्या वर्षी बाईला रफारापासून शिकवून कामाला लावली, हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. आणि कुणालाही सांगणं निराळं, कीर्तनकाराला सांगणं निराळं, असं मला तेव्हा वाटलं. जणू देवालाच सांगितलं.

"नाव काय म्हणालात?" बुवांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. "पण बुवा, नाव घेऊ नका" एवढी चार अक्षरं बोलायची होती. तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला, मी उठले, आणि ते राहिलं. दूध नसतं उतू गेलं तरी बोलले असते का, ते रामाला ठाऊक.

संध्याकाळी मंडप भरला होता. त्या दिवशीचा प्रसाद संगमेश अण्णांचा, म्हणून ते पुढे बसलेले, कारखान्यातल्या बायाही सगळ्या आलेल्या. तानाबाई आणि पायल खांबाशी टेकून बसल्या होत्या. पूर्वरंग झाला. मधल्या विसाव्यात अण्णांनी बुवांना हार घातला, मी बायकांना बुक्का लावत फिरले. तानाबाईच्या कपाळाला बोट लावताना तिने हळूच सांगितलं, "बाई, 'विद्यामंदिर' असं लिवलेलं मी आज एका दमात वाचलं." मी तिच्या गालावरून हात फिरवला.

उत्तररंगाला बुवांनी एका म्हातारीचं आख्यान लावलं. ऋषींच्या आश्रमात ही अंगण झाडायला असते. शिष्य वाळूत अक्षरं काढतात, आणि रोज संध्याकाळी ही ती झाडून टाकते. एक दिवस तिचा हात थांबतो. ही पुसू कशी, म्हणून ती झाडू खाली ठेवते आणि अक्षरांभोवती बसून राहते. बुवांनी ते इतकं रंगवलं की तबलेवाल्यानेही डोळे पुसले. आणि मग टाळी देऊन, आवाज खाली आणून ते म्हणाले,

"म्हणाल, ते सत्ययुग होतं. मंडळी, ती म्हातारी आज तुमच्या शेळगीत आहे. तुमच्यात बसलीय. तानाबाई तिचं नाव."

गाभाऱ्याकडे केलेला हात मला आठवला, हे खरं. पण त्याच्या आधी क्षणभर छाती फुगली होती, हेही खरं. मी वाट बघत होते की आता बुवा शिकवणारीचंही नाव घेतील.

ते आलं नाही. बुवांना आख्यान रंगवायचं होतं. ते पुढे म्हणाले, "जगाला सांगते सातवी झाले, आणि माउलीला अक्षराची ओळख नाही. कामावर गठ्ठे कसे बांधते ठाऊक आहे? चिठ्ठी उलटी की सुलटी, तिला काय कळतंय? डोळे मिटायचे, रामाचं नाव घ्यायचं, आणि चिठ्ठी डकवायची. आणि राम बघा, एक गठ्ठा चुकू देत नाही."

मंडप हसला. प्रेमाने हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी मान वळवून वळवून तिला शोधलं. यातलं अर्धं मी सांगितलेलं नव्हतं. ती वाचते, बोट लावून वाचते, हे मी बुवांना सांगितलं होतं. पण डोळे मिटून रामाचं नाव घेणं कीर्तनात जास्त शोभतं.

मी उठून बोलायला हवं होतं. "बुवा, तिला वाचता येतं." एवढंच. पण कीर्तन चाललेलं असताना बुवांना कुणी अडवत नाही. ती नारदाची गादी. त्या जागेवर उभा असेपर्यंत तो माणूस नसतोच, असं आमच्या आईने मला शिकवलं, मी कितीकांना शिकवलं. मी ताट मांडीवर धरून बसून राहिले. समोर बघितलं तर अण्णांनी टाळी वाजवली नव्हती. खांबाकडे बघितलं तर तानाबाईने पदर पुढे ओढून घेतला होता, आणि पायल आईकडे असं बघत होती, जसं आपण घरातल्या माणसाकडे कधी बघत नाही.

आणि कीर्तन संपल्यावर मी काय केलं, तर रांगेत उभी राहून बुवांच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात शिवशरण मास्तर मशीनला तेल घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, काल तुमचं लई गोड कीर्तन झालं म्हणं."

"तुम्ही नव्हतात?"

"मी कशाला येऊ. मला हितं बसून सगळं ऐकू आलं." मग तेलाची बाटली खाली ठेवून म्हणाले, "त्या बाईला वाचता येतं, हे मला माघपासनं ठाऊक. तुमी दोघी चारनंतर बसायचा, मी पत्र्याच्या मागं बिडी वडत असायचो. पण मी बोललो का कुणाला?"

मी स्टुलावर बसले.

"आता पुढचं ऐका," ते म्हणाले. कारखान्यात सकाळी काय झालं ते त्यांना तिथल्या कटिंगमास्तरने सांगितलं होतं. तानाबाई वेळेवर कामाला गेली. बाया वाटेतच सुरू झाल्या. कुणी पाया पडल्याचं नाटक केलं, कुणी म्हणालं, "म्हातारे, आज झाडू आणला न्हाईस?" अण्णांनी तिला बोलावलं. चिडून नाही. उलट तोंडं बंद व्हावीत म्हणून त्यांनी पाच चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वाच बरं तानाबाई, म्हणजे विषय संपला." पन्नास माणसांनी मशीन थांबवली. तिने पहिली चिठ्ठी उचलली. ओठ हलले, आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं. तिने चिठ्ठी होती तशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला येत न्हाय."

"येत होतं तिला," मी म्हणाले.

"ते मला सांगून काय उपयोग," मास्तर म्हणाले. "जावा अण्णाकडं."

मी तशीच उठून गेले. अण्णांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही मला 'येतं' म्हणालात."

"येत होतं, अण्णा. येतं."

"मग बुवा खोटं बोलले? तुमच्या घरी जेवून, तुमच्याकडूनच ऐकून, रामासमोर?"

"बुवांनी वाढवून सांगितलं. कीर्तनात थोडं वाढवतातच."

"आणि तीच म्हणतीय येत नाही म्हणून. ती खोटं बोलतीय, बुवा खोटं बोलतायत, तुम्ही तेवढ्या खरं. मी कुणाचं धरू?" ते उपरोधाने नव्हते बोलत, खरंच विचारत होते. "जूनला शाळा उघडतायत बाई. पॅकिंगवर दहावी झालेली पोरगी बसवलीय मी. तानाबाईला धागे कापायला ठेवतो की. काढतोय कुठं? पण कायमचं आता बोलू नका."

तिथून मी तिच्या घरी गेले. ती दारात ज्वारी निवडत बसली होती. उठली, मला बसायला पाट दिला. आत पायल पुस्तक उघडून बसली होती, पान उलटत नव्हती.

"तानाबाई, माझं चुकलं."

"चुकलं कसं म्हणू, बाई." ती सुपातून नजर काढत नव्हती. "तुमी मला वंगाळ बोलला असता तर भांडले असते. तुमी चांगलं बोलला. चांगल्याशी कसं भांडायचं, ते मला येत न्हाय."

"चिठ्ठी का ठेवलीस गं खाली? येत होती ना?"

"येत हुती. संतोषनगरची शाळा, पाचवी, अठ्ठावीस. उचलली तवाच दिसली."

"मग?"

तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "वाचली असती तर म्हणाले असते, रामानं वाचवून घेतली. न्हाई वाचली तर म्हणणार, बुवा खरं बोलले. माझं काय ऱ्हायलं त्यात?"

आतून पायल म्हणाली, "मला सांगायचं होतंस ना आई. मी शिकवलं असतं." आवाजात राग नव्हता. पण तानाबाईचा हात सुपावर थांबला. मला वाटतं, पन्नास माणसांपुढे तिला जेवढं लागलं नसेल तेवढं ते लागलं. जन्मल्यापासून जिच्यापासून लपवलं तिने दया दाखवली होती.

"तिथं म्हणाला हुता," तानाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "देवाकडं हात करून." मग लगेच, जणू जास्त बोलली असं वाटून, "च्या ठेवू का?"

मी चहा घेतला. न घेऊन कसं चालेल.

धागे कापायला ती चार दिवस गेली आणि मग गेली नाही. रविवारी मी पाटी घेऊन वाट बघायची. ती आली नाही. तिसऱ्या रविवारी मी पाटी कपाटावर ठेवली. वर्गातली अजून दोन माणसं, एक पन्नाशीचे गृहस्थ आणि एक म्हशीवाली, चारनंतर माझ्याकडे थांबायची. तीही यायची बंद झाली. मशीन शिकायला माणसं येतात, अजून येतात. अक्षर शिकायला कुणी थांबत नाही. मी चारपर्यंत बसते, मग मास्तर कुलूप लावतात.

पायल नर्सिंगला गेली नाही. एका औषधाच्या दुकानात लागली. तानाबाई आमच्याच बाजूच्या एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जाते, असं कानावर आलं. जाऊन बघायचा धीर मला झाला नाही.

यंदा चैत्रात मंडळींनी पुन्हा रामहरीबुवांनाच बोलावलं. लोकांना ते आवडले होते. तिसऱ्या दिवशी जेवण माझ्याकडेच. तीच ओसरी, तोच चहा.

"बाई, तुमची ती तानाबाई काय म्हणते?" बुवांनी हसून विचारलं. "तिने मला वर्षभर तारलं बघा. माढ्यात सांगितलं, दुधनीत सांगितलं. लोक रडतात. मंगळवेढ्याला तर दोनदा सांगायला लावलं."

"नावानिशी?"

"नावाशिवाय खरं कसं वाटणार?"

मंगळवेढ्याजवळ तिचं माहेर. भाऊ तिथला. जिथे ती सातवी झाल्याचं पहिल्यांदा सांगितलं गेलं, तिथंही आता ते पोचलं होतं, टाळ्यांसकट.

मी कप खाली ठेवला. "बुवा, तिला तेव्हा वाचता येत होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या कीर्तनानंतर तिचं काम गेलं."

बुवांचा चेहरा उतरला. त्यांनीही कप खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

"मीच सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, मंडपात. आता यापुढे सांगू नका ते, एवढंच."

"नाही सांगणार," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मी तिच्याकडे येऊ का? माफी मागायला?"

"नको. तुम्ही गेलात की मागून सगळी गल्ली येईल."

चांगला माणूस. त्यांना चांगलंच लागलं, हे मला दिसत होतं, आणि त्याने माझं काही हलकं झालं नाही.

त्या संध्याकाळी पूर्वरंग झाला, हार झाला, मी बुक्का लावत फिरले. खांबाशी एक अनोळखी बाई बसली होती. तिच्या कपाळाला बोट लावलं आणि मला पुढे जाता येईना. ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि मी मंडपाबाहेर पडले. उत्तररंग सोडून उठायची माझी ही पहिली वेळ.

कार्यालय आठ-दहा मिनिटांवर आहे. दुपारचं लग्न उरकलं होतं, मांडववाले कनात सोडत होते. मागच्या अंगणात नळाखाली भांड्यांचा डोंगर, आणि तानाबाई एकटी. घासणं झालं होतं, ती भांडी लावत होती. लग्नाला दोन-तीन ठिकाणची भांडी आलेली असतात, आचाऱ्याची वेगळी, कार्यालयाची वेगळी, शेजारून मागून आणलेली वेगळी. प्रत्येकावर नाव घातलेलं. ती परात उचलायची, काठ उजेडाकडे धरायची, ओठ हलायचे, आणि मान किंचित वर व्हायची. मग परात आपल्या थप्पीत जायची. तीन थप्प्या होत्या. मी दारात उभी राहून किती भांडी बघितली, ठाऊक नाही.

तिचं लक्ष गेलं. ओठ लगेच मिटले.

"बाई? कीर्तन सोडून आलाव?"

"हो."

"कोण सांगतंय?"

"तेच बुवा." मग मी म्हणाले, "ते आता तुझं सांगणार नाहीत. मी सांगितलं त्यांना."

तिने ते ऐकलं आणि हातातला डबा पुसत राहिली. पुसून झालेला डबा पुसत होती. "बरं केलं," ती म्हणाली. "पायलला गेल्या महिन्यात बघायला आलती मंडळी. मंगळवेढ्याची. त्येंनी इचारलं, त्याच तानाबाईची लेक का?"

"मग?"

"मग काय. पोहे खाऊन गेले."

मागच्या बाजूला एक दगडी पायरी होती, तिथे मी बसले. ती या म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. तिने एक पातेलं उचललं. काठावरचं नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते पातेलं न वाचता तसंच खाली, तिन्ही थप्प्यांच्या बाहेर ठेवलं. मग दुसरं. तेही बाहेर. मी बघत होते तोवर तिला वाचायचं नव्हतं.

मग मला समजलं आणि मी पायरीवरच वळून रस्त्याकडे तोंड करून बसले. मंदिराकडून बुवांचा आवाज येत होता, शब्द नीट लागत नव्हते. पाठीमागे थोडा वेळ काहीच हललं नाही. मग भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा. मी मागे वळले नाही.